ते पाणी कुठं गेलं? किरणोत्सारी कचऱ्याच्या जागेची आणि परवान्याची गोष्ट

(हा आमच्या भागाचा लिखित मजकूर. अडखळलेलं, खोकलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ऐकायचं असेल तर साधारण पंधरा मिनिटं लागतील.)

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचलाय, आणि तो प्रश्न माझा नाही. माझ्या मोठ्या आईचा आहे.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्याकडं तिला काकू म्हणत नाहीत, मोठी आईच म्हणतात. राहते जानेफळला. तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. तिला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनचा डोस सांगितला. मुंबईच्या एका दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. जेवण दाराशी ठेवायचे, आम्ही बाहेरून फोनवर बोलायचो. "तुमच्या संडास-बाथरूमचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, मावशी," असं तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं.

बरी होऊन ती घरी आली. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस नातवाला जवळ घेतलं नाही. सगळं नीट झालं. संक्रांतीला मी गावी गेलो तर ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "बाबू, माह्या अंगातलं ते औषध ज्या पान्यात गेलं, ते पानी कोनाच्या इहिरीत तं नसन गेलं?"

या बाईनं तीस-पस्तीस वर्षं उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून घर चालवलंय. कॅन्सरमधून उठल्यावर तिला काळजी कशाची, तर कुणाच्यातरी विहिरीची. मी तेव्हा "नाही गं, काही नाही होत" असं म्हणून विषय टाळला. खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं. मग महिनाभर वाचत बसलो. आणि कळलं की किरणोत्सारी कचऱ्यासाठी जागा ठरवताना जगभरातले तज्ज्ञ नेमका हाच प्रश्न आधी विचारतात. पाणी कुठून येतं, कुठं जातं, आणि पुढं ते कोण पितं?

आठ दिवस आणि तीस वर्षं

आधी मोठ्या आईचं पाणी. तिला दिलं ते आयोडीन-१३१. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे आज जेवढं आहे त्याच्या निम्मं आठ दिवसांनी उरतं, त्याच्या निम्मं पुढच्या आठ दिवसांनी. भाकरीची अर्धी, अर्धीची चतकोर, असं करत दहा वेळा मोडत गेलात तर साधारण हजारावा तुकडा हातात राहतो. आयोडीनसाठी दहा वेळा म्हणजे ८० दिवस. म्हणून दवाखाने ते पाणी टाकीत साठवतात, मुरू देतात, मोजतात, आणि मर्यादेच्या खाली आल्यावरच गटारात सोडतात. इथं कचऱ्यावरचं औषध एकच, वाट पाहणं.

पण सगळेच पदार्थ इतके समजूतदार नसतात. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. सीझियम-१३७ चं ३० वर्षं. आता सीझियमची भाकरी दहा वेळा मोडायची तर किती वर्षं लागतील? ३००. हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा, आजचा सगळा भाग याच आकड्यावर उभा आहे.

आणि प्लुटोनियम-२३९? २४ हजार वर्षं, तीही फक्त पहिल्यांदा अर्धं व्हायला. तसला कचरा आणि अणुभट्टीच्या इंधनातून निघणारा अतितीव्र कचरा जमिनीखाली शेकडो मीटर खोल न्यावा लागतो. तो आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे सौम्य कचरा. अणुवीज केंद्रातले हातमोजे, पुसायची फडकी, गाळण्या, पाणी शुद्ध करून झालेली रेझीन, सिमेंटमध्ये कालवून पिंपात भरलेला गाळ. आकारानं हाच कचरा जास्त असतो, आणि किरणोत्सार त्यात सगळ्यात कमी. याला दहा-बारा मजले खाली न्यायची गरज नसते. जमिनीच्या वरच्या थरात, चार-पाच मीटर खोल पक्क्या खंदकात ठेवतात. आपल्याकडं ही सोय अणुकेंद्रांच्या आवारातच असते. महाराष्ट्रात तारापूरला आहे, आणि मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात.

जागाच नसली तर?

"कशाला हवंय हे सगळं?" असं वाटू शकतं. तर दोन गोष्टी.

एप्रिल २०१०, दिल्लीतलं मायापुरीचं भंगार मार्केट. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं, बंद पडलेलं यंत्र लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. ते तोडलं गेलं, कामगार आजारी पडले, एकाचा जीव गेला.

सप्टेंबर १९८७, ब्राझीलमधलं गोयानिया शहर. बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र दोघांनी भंगारासाठी उचललं. आत सीझियम-१३७. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी ते घरोघर वाटलं. चार माणसं गेली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडलं, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. घरं पाडली, माती खरवडली, आणि साडेतीन हजार घनमीटर कचरा तयार झाला. तो ठेवायला जागा कुणी देईना. शेवटी शहराजवळ अबाजिया इथं त्याच्यासाठी कायमचं कोठार बांधावं लागलं.

म्हणजे जागा नाही म्हणून कचरा नाहीसा होत नाही. तो भंगारात जातो, नाहीतर कुणाच्या तरी घरात.

समजा, आपलं ई-क्लास

मोठ्या आईचा दुसरा प्रश्न ठरलेलाच होता. "मंग आपल्या ई-क्लासात आनून टाकतीन का?" ई-क्लास म्हणजे आमच्याकडची सरकारी गायरान जमीन. आता स्पष्ट सांगतो. जानेफळला असलं काहीही येणार नाहीये. या भागाचा अर्धा तुकडा कापून कृपा करून गावच्या ग्रुपवर टाकू नका! २०२५ च्या सुरुवातीला शेगाव-नांदुरा तालुक्यांत लोकांचे केस गळायला लागले तेव्हा आमच्या जिल्ह्यात किती आणि काय काय फॉरवर्ड फिरलं, ते आम्ही पाहिलंय.

पण समजायला म्हणून जानेफळचं ई-क्लास घेऊ आणि तज्ज्ञ तिथं काय काय तपासतील ते बघू.

पहिलं, पाऊस. आमच्याकडं वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. मुंबईच्या किनारपट्टीवर दोन हजारांच्या पुढं. इथं जानेफळ चक्क पुढं आहे. कोरडी जागा चांगली.

दुसरं, माती. आमची काळी कपाशीची जमीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात ती फुगून चप्पल ओढून घेते. हा फुगण्याचा गुण तिच्यातल्या चिकणमातीच्या खनिजाचा. त्याच कुळातली बेंटोनाइट नावाची माती आपल्याकडं कचऱ्याच्या खंदकात पिंपांभोवती भरतात! ओली झाली की ती फुगून फटी बुजवते, आणि सीझियमला धरून ठेवते. पण शेतातल्या मातीला भेगाही पडतात, म्हणून ती जशीच्या तशी चालत नाही. खंदकातली माती निवडून, दाबून भरलेली असते.

तिसरं, खडक. आणि इथं गाडं अडतं. आमच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण. तारापूर आणि तुर्भ्यालाही तोच. हा खडक थरांचा असतो. एक थर टणक, एक मांजऱ्या, मध्ये भेगा, वर मुरूम. पाणी त्यातून सरळ रेषेत वाहत नाही, भेगेभेगेनं जातं. जानेफळच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. माझ्या काकांनी तीनशे फूट बोअर मारली, धूळ निघाली. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला शंभर फुटांवर पाणी. मग अशा जागी खंदकातून थेंब सुटला तर तो कुणाच्या विहिरीत उतरेल, हे सांगायचं कसं? नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. बोअर माराव्या लागतात, पावसाळ्याआधी आणि नंतर पातळी मोजावी लागते, आणि तेही एक वर्ष करून भागत नाही.

चौथं, माणसं. विहिरी किती, गुरं कुठं पितात, पूर कुठवर येतो, भूकंपाचा इतिहास काय.

आणि पाचवं, कचरा जन्मतो कुठं? तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये चालू झाली. कचरा तिथंच तयार होतो, तिथंच कुंपण आहे, पहारा आहे, मोजणारी प्रयोगशाळा आहे. तो ट्रकमध्ये घालून पाचशे किलोमीटर आणण्यापेक्षा, पाऊस जास्त असला तरी, तिथंच खंदक जास्त भक्कम करायचा, हा आपल्याकडचा हिशोब. जागा निवडताना सगळ्यात कोरडी जमीन जिंकतेच असं नाही. निसर्ग जिथं कमी पडतो तिथली तूट सिमेंट, माती आणि माणसांच्या पहाऱ्यानं भरून काढायची असते.

शेततळं व्हायला नको

आता एक घोळ सांगतो, जो ऐकायला उलटा वाटतो. चिकणमातीत पाणी मुरत नाही, म्हणजे तिथं कचरा पुरणं चांगलं, बरोबर? अमेरिकेत केंटकी राज्यात मॅक्सी फ्लॅट्स नावाच्या जागी असंच वाटलं होतं. १९६३ पासून तिथं खंदकात कचरा पुरला. तळ घट्ट, पाणी खाली जात नाही. पण वरून टाकलेली माती खचली आणि पाऊस आत शिरायला लागला. आत आलेलं पाणी बाहेर जाईना. खंदक भरत गेले.

ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. खाली प्लॅस्टिक, वर आभाळ. भरणारच. १९७७ मध्ये ती जागा बंद करावी लागली, आणि खंदकांतलं दूषित पाणी उपसत बसावं लागलं.

फ्रान्समध्ये ला मांश या जागी १९६९ ते १९९४ पर्यंत सव्वापाच लाख घनमीटरच्या वर कचरा ठेवला. तिथं १९७६ मध्ये ट्रिटियम जवळच्या ओढ्यात गेलं. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, ते पाण्याचाच भाग होऊन जातं, त्यामुळं कोणतीच माती त्याला धरत नाही.

या चुकांतून शिकून आजचे खंदक बांधतात. आपल्याकडं कमी तीव्रतेचं दगडी अस्तराच्या खंदकात, त्याहून जास्त असेल ते काँक्रीटच्या खंदकात, आणि सगळ्यात जास्त असेल ते टाइल होल म्हणतात त्या उभ्या, नळीसारख्या खड्ड्यांत जातं. खंदक भरला की बेंटोनाइट आणि व्हर्मिक्युलाइट भरायचं, वर काँक्रीट, वर पाणी रोखणारा थर, आणि पाणी बाजूला वाहून जाईल असा उतार. भोवती निरीक्षणाच्या बोअर. त्यातलं पाणी ठरावीक काळानं तपासत राहायचं. कोकणातल्या घराचं छप्पर शाकारतात ना, तेच तत्त्व. पाणी आत येण्याआधीच त्याला वाट काढून द्यायची.

परवाना कशाचा मिळतो?

मला वाटायचं परवाना म्हणजे एक सही, एक शिक्का. तसं नाही. हे काम पाहतं अणुऊर्जा नियामक मंडळ, इंग्रजी आद्याक्षरांत एईआरबी. १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेलं, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ चे, आणि जमिनीच्या वरच्या थरातल्या खंदकांसाठी मंडळाची वेगळी मार्गदर्शिकाही आहे.

परवानगी टप्प्याटप्प्यानं मिळते. आधी जागा. मग आराखडा आणि बांधकाम. मग वापर. आणि शेवटी बंद करण्याची वेगळी परवानगी. वापराच्या टप्प्यात कोणता पदार्थ, किती, कोणत्या स्वरूपात पुरणार हे लिहून द्यावं लागतं, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी लागते. प्लुटोनियमसारख्या पदार्थांना इथं दरवाजा बंद.

पण या अर्जाचा खरा जीव असतो सुरक्षेच्या हिशोबात. कुंपण तुटलं तर? काँक्रीट शंभर वर्षांनी तडकलं तर? आणि सगळ्यात मजेशीर, दोन-तीनशे वर्षांनी कुणाला काहीच ठाऊक नसताना एखाद्यानं तिथंच विहीर खणली तर? त्या माणसाला किती डोस बसेल, हे आजच काढून दाखवायचं. आपल्याकडं सर्वसामान्य माणसाला अणुकेंद्रांमुळं वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस बसता कामा नये. तुलनेसाठी, खडक, हवा, आकाश, अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट बसतच असतात.

म्हणजे परवाना फक्त आजच्या खंदकाला मिळत नाही. अजून न जन्मलेल्या त्या विहीर खणणाऱ्याचा विचार केलाय की नाही, हे बघून मिळतो. मला हे वाचून मोठी आईच आठवली.

आणि विचारतं कोण?

आता थोडं अवघड जागेचं बोलू. हिशोब बरोबर असला तरी लोकांनी विश्वास का ठेवावा?

२०१२ मध्ये कॅगनं, म्हणजे देशाच्या महालेखापालांनी, नियामक मंडळावर अहवाल दिला. मंडळाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा नाही, ते सरकारच्याच हाताखाली आहे, यावर त्यात बोट ठेवलं. देशातली ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे यंत्रं मंडळाकडं नोंदलेलीच नव्हती, हेही त्यातच आलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या शांती कायद्यानं मंडळाला कायद्यातलं स्थान दिलं. कागदावरचा तो बदल प्रत्यक्षात किती उतरतो, याकडं तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांनी लक्ष ठेवायला हवं.

विश्वासाचं दुसरं टोक गावात असतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचं भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याचं घर गेलं, त्याला मिलिसिव्हर्टचा तक्ता दाखवून काय होणार?

दक्षिण कोरियाचा अनुभव इथं उपयोगी आहे. सरकारनं जागा ठरवायची आणि लोकांनी ती हाणून पाडायची, असं तिथं वर्षानुवर्षं चाललं. गुरुपदो नावाच्या बेटाची निवड झाली, मग तिथं खडकात सक्रिय भेगा सापडल्या आणि १९९५ मध्ये ती सोडावी लागली. २००३ मध्ये बुआनला लोक रस्त्यावर उतरले. शेवटी सरकारनं उलटं केलं. आधी अतितीव्र कचरा या जागेतून वगळला, मोबदला जाहीर केला, आणि इच्छुक शहरांत मतदान घेतलं. नोव्हेंबर २००५ मध्ये चार शहरांत मतदान झालं, आणि ग्योंगजूमध्ये ८९.५ टक्के लोकांनी होकार दिला. मोबदल्यानं मतं विकत घेतली, अशी टीका झालीच. पण "तुम्हाला हवंय का?" हा प्रश्न तरी विचारला गेला.

तीनशे वर्षं म्हणजे किती

खंदक बंद झाल्यावरही जागेवर ३०० वर्षं लक्ष ठेवायचं, असा आपल्याकडचा हिशोब. सीझियमच्या दहा मोडी आठवल्या ना? तेवढीच.

आता ३०० वर्षं मागं जाऊ. पहिला बाजीराव पेशवा आहे. भारत नावाचं प्रजासत्ताक नाही, महाराष्ट्र राज्य नाही. आणि जे मंडळ ही तीनशे वर्षं मोजतंय ते १९८३ चं, माझ्या बाबांपेक्षा लहान.

जमिनीत ठेवलेली गोष्ट लोक लक्षात ठेवतात का? आमच्या मेहकरचंच बघा. १८८८ मध्ये तिथं खोदकाम करताना शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती जमिनीतून निघाली. आज तिथं मोठं मंदिर आहे. पण कुणीतरी, कधीतरी ती जमिनीत सुरक्षित ठेवली होती, आणि मग कुणालाच आठवण उरली नाही. ज्याची पूजा करायची तीही आपण विसरलो, तर ज्याच्यापासून लांब राहायचं ते काय लक्षात ठेवणार?

म्हणून नोंदी एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवायच्या, जागेवर खुणा करायच्या, जमिनीच्या वापरावर बंधन घालायचं. आणि म्हणूनच लांब जगणारा कचरा या खंदकात येऊच द्यायचा नाही. विसरलो तरी निभावलं पाहिजे.

महिन्याभरानं मोठ्या आईला फोन केला. म्हटलं, तुझं पाणी टाकीत होतं, मोजूनच सोडलंय, तुझं औषध केव्हाच संपलं. तिला बरं वाटलं. मग तीनशे वर्षांचंही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "कागद तं ठेवतीन रे. पन तिथल्या लेकरायले कोन सांगन?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. "बघतो," म्हणालो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. भंगारात, बंद दवाखान्यात किंवा जुन्या कारखान्यात एखाद्या जड डब्यावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह दिसलं, बहुतेक वेळा पिवळ्यावर काळं, तर हात लावू नका, फोडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, बाकीच्यांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. तुमच्या ओळखीत कुणी भंगाराचं काम करत असेल तर या भागातलं एवढं तरी त्यांना ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.